तुमचे प्रश्न : ड्रम स्टुडिओत, बाकी घरी, आणि कागद सगळ्यात आधी

यावेळी डाकेत इंदूरच इंदूर आहे. मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की लेबलशिवाय, स्वतःच्या पैशाने पहिला अल्बम काढणाऱ्या बँडवाल्यांनी प्रश्न पाठवा, भावगीतवाल्यांना पुढच्या वेळी बघू, तर सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर सगळीकडून इतकी पत्रं आलीत की आपल्या गावात एवढे डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज फाडणारी पायातली डबी) आहेत हे मला माहीतच नव्हतं. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण निम्म्या लोकांनी आपल्याच बँडमधल्या माणसाची तक्रार केलीये.

दादा, आमचा चौघांचा बँड, ऑल्टरनेटिव्ह रॉक करतो, आठ गाणी तयार आहेत. स्टुडिओवाला तासाने पैसे सांगतो, सगळं तिथे केलं तर दिवाळं निघेल. गिटारिस्ट म्हणतो सगळं घरीच करू, खोलीला अंड्याचे ट्रे लावू. काय करावं?
– एक ड्रमर, सुदामा नगर

अंड्याचे ट्रे आधी रद्दीवाल्याला देऊन टाक. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात, वरचा चरचरीत आवाज थोडासा पितात बस, तुझा किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस त्यांच्यातून आणि मागच्या भिंतीतून सरळ शेजारच्या काकूंच्या देवघरात जाणार. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जड भिंत आणि बंद फटी लागतात, आणि आतला आवाज घुमू नये म्हणून जाड, मऊ काहीतरी लागतं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि ट्रे दोन्हीतलं एकही धड करत नाही. वर पुठ्ठा पेटतो पटकन, आणि खोलीत अँप्लिफायर, एक्स्टेंशन बोर्ड, सगळं गरम.

आता खरं उत्तर. ड्रम स्टुडिओत, बाकी सगळं घरी. ड्रमला एकाच वेळी सात-आठ माइक लागतात, किकला एक, स्नेअरला (मधला चरचरणारा ड्रम) एक, टॉमना (बाजूचे घुमणारे ड्रम), वर दोन ओव्हरहेड (डोक्यावर लावलेले माइक), आणि घरच्या इंटरफेसला (माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी डबी) बहुतेक दोनच इनपुट असतात. शिवाय छत उंच हवं. बुटक्या छतावरून झांजांचा आवाज आपटून परत माइकमध्ये येतो आणि मग तो काढायला जगात कुठलंच सॉफ्टवेअर नाही.

स्टुडिओत गेलास की ओव्हरहेड लावताना स्वतः बघ. एक दोरी घ्यायची, टोक स्नेअरच्या मधोमध धरायचं, दोरी ताणून एका ओव्हरहेडपर्यंत न्यायची, तिथे गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या ओव्हरहेडपर्यंत पोचते का बघायचं. दोन्ही अंतरं सारखी पाहिजेत. नसली तर स्नेअरचा आवाज एका माइकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो, दोन्ही एकत्र वाजवले की एकमेकांना खातात, आणि तुमचा दणदणीत स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा येतो. मग मिक्सवाला त्याच्यावर दिवस घालवतो, आणि तो दिवस तासानेच मोजला जातो हे लक्षात ठेव.

जायच्या आधी ड्रमला नवीन स्किन (वरचा पडदा) लाव, एक-दोन दिवस वाजवून ताणू दे, किक पेडल कुरकुरत असेल तर तेल घाल (रेकॉर्डिंगमध्ये ते कुरकुरणं गाण्यापेक्षा मोठं ऐकू येतं, खोटं नाही सांगत). क्लिकवर, म्हणजे कानात चालणाऱ्या टिकटिक ठेक्यावर, वाजवायची सवय घरीच कर. तिथे जाऊन क्लिकशी ओळख करून घ्यायची नसते.

गिटारचं सोपं आहे. डीआय बॉक्समधून (गिटार सरळ रेकॉर्डिंगला जोडणारी डबी) साधा, कोरा सिग्नल वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, मग तोच पुढे कधीतरी चांगल्या अँपमधून वाजवून परत माइकने घेता येतो, म्हणजे आज टोन आवडला नाही तरी वाजवणं फुकट जात नाही. बेस तर माइकशिवाय सरळ जोडून घ्या. गाण्यासाठी गायकाला कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे पाठ करून उभं करा, बाजूला रजया टांगा. लोक रजई माइकच्या मागे लावतात, पण नेहमीचा कार्डिऑइड माइक मागचं कमी ऐकतो आणि समोरचं जास्त, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत त्याला ऐकू येते, तीच झाकायची. कूलर, पंखा, फ्रिज बंद. मे महिन्यात इंदुरात हे म्हणजे शिक्षाच आहे, तर रात्री करा, तोपर्यंत कुकरच्या शिट्ट्यापण संपलेल्या असतात.

पैशाचं म्हणशील तर निर्वाणा नावाच्या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम, १९८९ चा ‘ब्लीच’, सिएटलमध्ये साधारण ३० तासांत रेकॉर्ड झाला, बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट. जादू काही नव्हती, बरीचशी गाणी आधीच स्टेजवर वाजवून बसलेली होती. तुमची आठ ‘तयार’ आहेत म्हणतोस ना, तर फोनवर प्रॅक्टिस रेकॉर्ड करून ऐका, ज्या गाण्याच्या शेवटावर अजून भांडण होतं ते गाणं तयार नाहीये. त्याला स्टुडिओत नेऊच नका. पाच पक्की गाणी घेऊन ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढा, लोक काही मोजत बसत नाहीत.

आमचा बेसिस्ट भांडून बँड सोडून गेला. आता म्हणतो की माझी बेसलाइन आहे, माझ्या परवानगीशिवाय गाणं टाकलंत तर बघून घेईन. शब्द माझे आहेत, चाल माझी आणि गिटारिस्टची. स्टुडिओचे पैसे गिटारिस्टच्या मामाने दिलेत. गाणं नक्की कुणाचं?
– एक गायिका, राजेंद्र नगर

भिया, मामा पण आहेत यात! बरं, मी वकील नाही, पण बँडवाल्यांना हे माहीत असायलाच पाहिजे म्हणून नीट सांगतो.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याच्या हिशोबाने एका गाण्यात एकावर एक ठेवलेले हक्क असतात. शब्द वेगळे, ते तुझे. चाल वेगळी, ती तुम्हा दोघांची. हे दोन्ही हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. तिसरं म्हणजे रेकॉर्डिंग, ते त्याचं ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते करवलं, कायदा त्याला प्रोड्यूसर म्हणतो, आणि तो हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे उद्या मामा म्हणाले की स्टुडिओ मी ठरवला, पैसे मी भरले, रेकॉर्डिंग माझं, तर ते अगदीच हवेत बोलत नसतील. मामांकडून आजच एका कागदावर लिहून घ्या की हे पैसे उसने आहेत की भेट, आणि रेकॉर्डिंग बँडचं आहे. मामा चांगले असतानाच लिहून घ्यायचं असतं.

आता बेसिस्ट. तो वाजवणारा, म्हणजे परफॉर्मर, आणि परफॉर्मरलापण स्वतःच्या वाजवण्यावर हक्क असतो, ५० वर्षांचा. त्याने वाजवलेला ट्रॅक तुम्ही त्याच्या मर्जीविरुद्ध टाकलात तर तो बोलू शकतो. शिवाय बेसलाइन त्याने स्वतः बसवली असेल आणि गाणं तिच्यावरच उभं असेल (ऑल्टरनेटिव्हमध्ये हे फार होतं, गिटार नुसती हवा करते आणि खरी चाल बेस चालवतो) तर चालीत माझाही वाटा आहे असंपण तो म्हणू शकतो. तर दोनच रस्ते. त्याच्याशी बसून चहा पिऊन वाटा ठरवा आणि सही घ्या, किंवा नवीन बेसिस्टकडून नवीन लाइन बसवून परत रेकॉर्ड करा. तीच लाइन दुसऱ्याकडून वाजवून घेणं हा तिसरा रस्ता नाहीये, त्यात चालीतल्या वाट्याचं भांडण तसंच राहतं.

मला विचाराल तर पहिला रस्ता. बेसिस्टचा राग बहुतेक वेळा पैशाचा नसतो, नाव कुठे येणार याचा असतो. त्या ‘ब्लीच’ची गोष्ट वर आलीच आहे, तिथे स्टुडिओचे पैसे जेसन एव्हरमन नावाच्या माणसाने भरले, त्याने अल्बममध्ये एक सूरपण वाजवलेला नाही तरी गिटारिस्ट म्हणून त्याचं नाव छापलं. तुमच्या माणसाने तर खरोखर वाजवलंय.

कागदावर काय लिहायचं तर गाण्याचं नाव, शब्द कुणाचे किती टक्के, चाल कुणाची किती टक्के, रेकॉर्डिंग कुणाचं, किती वर्षांसाठी, कुठल्या देशांसाठी, सगळ्यांच्या सह्या, तारीख. वर्षं आणि देश लिहायला विसरू नका. हक्क लिहून दिला आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो, देश लिहिले नाहीत तर फक्त भारत धरतो, आणि ऑनलाइन टाकलेलं गाणं काही शेजारच्या पीथमपूरला थांबत नाही.

अजून एक, कुणी लेबलवाला गोड बोलून म्हणाला की रॉयल्टीसकट सगळं एकरकमी आम्हाला लिहून द्या, तर २०१२ पासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचे सभासद व्हा, ही गीतकार-संगीतकारांची सोसायटी १९६९ पासून आहे. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहिलं की हक्क आलाच, पण भांडण आहे म्हणून करून ठेवा, शब्द किंवा चालीला ५०० रुपये, साउंड रेकॉर्डिंगला २,००० रुपये फी आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

सीडी काढावी का?
– लोकमान्य नगर

वाजवणार कशावर? टी-शर्ट काढा, त्यावर गाण्याचा क्यूआर कोड छापा. विनाइलचा (जुन्या काळ्या तबकडीचा) मोह होत असेल तर एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटंच चांगली मावतात हे बघून गाण्यांचा क्रम लावा, आणि ऑर्डर आधी घ्या, रेकॉर्ड नंतर छापा.

भाऊ, मुलगा नोकरी करतो, पण त्याचं सगळं मन बँडमध्ये. आता अल्बमसाठी त्याच्या नावाची एफडी मोडायची म्हणतो, ह्यांचा विरोध आहे, घरात बोलणं बंद. हे पैसे परत येतात का हो?
– एक आई, स्नेहलतागंज

ताई, सरळ सांगतो, ऐकणाऱ्यांच्या क्लिकवरून तरी येत नाहीत, निदान पहिल्या अल्बमला. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत. झाले तरी जे येतं त्यात चौघांचे पोहे निघतील, जिलेबी नाही. पैसे येतात ते कार्यक्रमांतून, आणि कार्यक्रम देणारा आधी विचारतो की तुमचं काही ऐकायला आहे का. तर अल्बम म्हणजे दुकानाची पाटी समजा, पाटी विकून कुणी पैसे कमावत नाही पण पाटीशिवाय गिऱ्हाईक येत नाही.

एफडी मात्र मोडू नका. बँका एफडीवर कर्ज देतात, व्याज एफडीपेक्षा थोडंसंच जास्त पडतं आणि ठेव शाबूत राहते. ते पण फक्त दोन गोष्टींसाठी द्या, ड्रमचा स्टुडिओ आणि शेवटचं मिक्सिंग-मास्टरिंग (सगळे आवाज जुळवून गाणं पक्कं करणं). नवीन गिटार, व्हिडिओ, ड्रोन, यासाठी नाही म्हणा. ड्रोन तर अजिबात नाही, राजवाड्याच्या वरून घेतलेले शॉट आता बघवत नाहीत.

आणि यांना सांगा की अमेरिकेत व्हायलंट फेम्स नावाचा बँड आहे, त्यांच्या पहिल्या अल्बमसाठी ड्रमरच्या वडिलांनी १०,००० डॉलर उसने दिले होते. अल्बम आला १९८३ मध्ये, प्लॅटिनम झाला १९९१ मध्ये. म्हणजे वडिलांना आठ वर्षं धीर धरायची तयारी पाहिजे. हे वाचून ते अजून चिडले तर मी जबाबदार नाही.

आम्ही घरी मराठी बोलतो, कॉलेजात हिंदी, गाणी इंग्रजीत लिहितो. मित्र म्हणतात रॉक मराठीत बसतच नाही, भजन वाटतं. खरं आहे का?
– एक गिटारिस्ट, वैशाली नगर

ज्या भाषेत तू आईशी भांडतोस त्या भाषेत लिही, बाकी सोड. तुझ्या इंग्रजी ओळी पाठवल्यास त्या वाचल्या, त्यातला पाऊस सिएटलचा आहे, आपला नाही.

भाषा ऐकणाऱ्याला कळलीच पाहिजे असंपण काही नाही. दिल्लीच्या इंडियन ओशनने २००० मध्ये ‘कंदिसा’ काढला, त्याचं शीर्षकगीत जुन्या सिरियन ख्रिस्ती प्रार्थनेचं, भाषा कुणाला समजत नाही आणि कार्यक्रमात सगळे गातात. त्याच अल्बममध्ये नर्मदेवरचं ‘मा रेवा’ आहे, ज्या नर्मदेचं पाणी जलूद गावाहून पंप होऊन तुझ्या घरच्या नळाला येतं. दिल्लीवाले आपल्या नदीवर गातात आणि आपण सिएटलच्या पावसावर, कमाल आहे.

आता मराठी बसत नाही याचं. बसत नाही कारण लोक इंग्रजी चाल आधी बनवतात आणि मग त्यात मराठी कोंबतात. मराठीत जोर लांब अक्षरावर चांगला पडतो. ‘सांगितलं’ मध्ये ‘सां’ पहिल्या बीटवर ठेव, छान वाटतं, ‘गि’ वर ठेव, गाणारा अडखळल्यासारखा वाटतो. हे लिहिताना कळत नाही, पायाने ठेका धरून मोठ्याने म्हटलं की लगेच कळतं.

आणि भजन वाटतं म्हणून घाबरू नकोस, उलट तिकडेच माल आहे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात, आठ अक्षरं फोर-फोरच्या (चार ठोक्यांच्या) एका बारमध्ये बरोब्बर बसतात, प्रत्येक अर्ध्या बीटला एक, रामोन्ससारखं सरळ, जोरदार पंक वाजवणारा ड्रमरपण खूश. मोठा अभंग त्याहून भारी, त्यात सहा, सहा, सहा आणि चार. म्हणजे पहिल्या तीन बारच्या शेवटी एक-एक बीट रिकामा राहतो आणि चौथ्या बारचा अर्धा भाग रिकामा, तिथे तुझी गिटार उत्तर देते. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. समज असं,

राजवाड्यापाशी / थांबली ना गाडी / रात्र झाली थोडी / तुझ्याविना

ओळ मीच आत्ता बसवलीये, हसू नकोस, पण गिटारला ओव्हरड्राइव्ह (फाटका आवाज) लावून ‘तुझ्याविना’ नंतरच्या रिकाम्या दोन बीटमध्ये एकच जाड पॉवर कॉर्ड सोडून बघ. मुंबईत अभंग रिपोस्ट नावाचा बँड अभंगच घेऊन स्टेज हलवतो. तुला अभंग गायचा नसेल तर नको गाऊ, त्याचा फक्त सांगाडा घे.

आम्ही गाणं खूप लाउड मास्टर करून घेतलं, तरी अॅपवर दुसऱ्यांच्या गाण्यांपुढे बारीक वाटतं. मास्टरिंगवाल्याने फसवलं का?
– विजय नगर

नाही, तुम्हीच त्याला म्हणाला असाल, ‘अजून वाढव’. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी आवाज मोजायचं माप, शून्याच्या जवळ तितका मोठा) आसपास आणून ठेवतं, अॅपल म्युझिक उणे १६ च्या. तुम्ही उणे ७ ला ठासून दिलं की ते सरळ खाली ओढतात, आणि ठासताना ड्रमचे जे ठोके दाबले गेले ते काही परत उठत नाहीत, म्हणून बारीक वाटतं. परत मास्टर करून घ्या, शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा ठोका, उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, फाइल २४ बिटची वेव्ह द्या, एमपीथ्री नाही. आणि तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवून करा, मोठं ते नेहमीच चांगलं वाटतं.

अल्बम गणपतीत काढायचा विचार आहे, मंडळाच्या स्टेजवर लाँच करू, आयती गर्दी मिळेल. ठीक राहील ना?
– एक बँड, टिळक नगर

लाँच करा, पण तारीख बघून. अनंत चतुर्दशीला नको, त्या रात्री अख्खं इंदूर झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) बघायला रस्त्यावर असतं, गिरणी कामगारांच्या त्या झांक्यांपुढे तुमचा काय माझाही बँड कुणी ऐकणार नाही. तसंच पुढे कधी रंगपंचमीचा विचार आला तर तोही सोडा, गेरच्या (रंगाच्या मिरवणुकीच्या) दिवशी लोकांना स्वतःचा फोन सापडत नाही.

ऑनलाइनची तारीख शुक्रवार ठेवा. डिस्ट्रिब्युटरकडे (तुमचं गाणं सगळ्या अॅपवर पोचवणारी कंपनी) तीन-चार आठवडे आधी सगळं चढवा, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांकडे गाणं पाठवायचं तर निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, आणि ते एका वेळी एकच गाणं घेतात, तर सगळ्यात लांब गाणं पाठवू नका, ज्याची पहिली २० सेकंदं पकडतात ते पाठवा. प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, मिळतो, तो डिस्ट्रिब्युटर देतो, तुमच्या त्या कागदावर लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड परत द्यायचा, नाहीतर जमलेले स्ट्रीम मागे राहतात आणि गाणं शून्यापासून सुरू होतं.

मंडळाच्या स्टेजवर मात्र एक गोष्ट आधी ठरवा, तुमची वेळ आरतीच्या आधी की नंतर. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, सणासुदीला काही दिवस १२ पर्यंत सूट मिळते पण ती त्या दिवसाला आहे का हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून घ्या. आरती, मग बक्षीस समारंभ, मग पाहुण्यांचं भाषण, असं होत होत पावणेदहाला माइक हातात आला तर अल्बममधली दोन गाणी होतील. तर आधीच म्हणा की आम्ही सात वाजता वाजवतो, अर्ध्या तासात उतरतो. आणि साउंडवाल्याला चार वाजता गाठा. त्याच्याकडे ढोल आणि ऑर्केस्ट्राचं सेटिंग असतं, गायकावर इको फुल. तो इको बंद करायला सांगा, प्रेमाने, त्याला त्याचा फार अभिमान असतो.